पसंतीक्रम

निसारभाईंच्या सेतू केंद्रात पंखा
फक्त त्यांच्याच दिशेला फिरतो.
स्क्रीनवर मोकळे रकाने. पसंती एक, पसंती दोन, पसंती तीन.
"टाक ना पटापट," ते म्हणतात,
"मागं सातबाराची लाइन लागलीय."

जनुक अभियांत्रिकी.
हा शब्द आमच्या घरी पुस्तकातून आला नाही.
मी सातवीत असताना
बियाणे कंपनीच्या चिठ्ठीवर बसून आला:
आनुवंशिक शुद्धता शेकडा एक्क्याण्णव. लॉट नापास.
मायनं चिठ्ठी उलटी करून पाहिली,
मागच्या बाजूला काही चांगलं लिहिलं असेल म्हणून.

तोवर मला वाटायचं, सगळं आपल्या बोटांत असतं.
चारनंतर शेडनेटमध्ये शिरायचं,
मिरचीची उद्याची कळी चिमट्यानं उघडायची,
आतले नर खुडायचे, देठाला लाल लोकर.
सकाळी अंगठीत पराग भरून
एकेका कळीला बोट टेकवायचं,
बाळाला तीट लावावी तसं.
अकरानंतर फूल मानत नाही
हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं.
आणि कुणीतरी, जालन्याला की हैदराबादेला,
एक पान चुरडून सांगितलं
की यात भलतंच कूळ आहे.
"असं काय दिसते वं त्याइले त्या पानात?"
मायनं विचारलं होतं.
मी अजून त्या प्रश्नाचाच फॉर्म भरतेय.

चेन्नईचं माहितीपुस्तक इतकं गुळगुळीत
की माशी बसली तर घसरावी.
पान तीनवर पोहण्याचा तलाव, पान चारवर परत तलाव,
पांढऱ्या कोटातल्या पोरी, नळीत निळं पाणी.
फी मामांनी दोनदा वाचली,
तिसऱ्यांदा चष्मा लावून.
पुण्याचं नाव मोठं.
तिथून शिकून आलेला कायंदेंचा प्रल्हाद
आता मोबाइल कंपनीत लोकांच्या तक्रारी ऐकतो.
म्हणतो, डिग्री चांगली आहे गं, भिंतीवर शोभते.
अकोला म्हटलं की काका:
"म्हणजे शेतीच ना शेवटी?
मंग घराबाहेर कायले पडायचं?"
इंगोले सर म्हणाले, कटऑफ बघ, आपली जागा बघ.
आपली जागा.
वहीत लिहिलं, मग खोडलं.

शेडनेटच्या ज्या कोपऱ्यात रेंज येते
तिथं उभी राहून मी सगळीकडे फोन केले.
एकच विचारलं:
पान चुरडून आत बघायचं ते यंत्र
मुलांना हाताळू देता, की काचेतून दाखवता?
एकानं पगाराचे आकडे सांगितले.
एकीनं मला मॅडम म्हटलं, आणि आजच सीट बुक करा.
एक दमलेला आवाज म्हणाला,
"थांबा, विचारून येतो."
थांबले.
त्याच्या चपला लांब जाताना ऐकू आल्या,
एक दार, कुणाचा तरी खोकला,
बऱ्याच वेळानं चपला परत.
"दोन यंत्रं आहेत. एक बंद आहे, वर्ष झालं.
दुसऱ्यावर मंगळवार-शुक्रवार, दोघा-दोघांची पाळी.
नंबर लागायला वेळ लागतो, आधीच सांगतो."

"हे?" निसारभाई मान वळवतात.
"याच्यापेक्षा मोठी तीन दिसतात की खाली."
"टाका."

ओटीपी मायच्या मोबाइलवर गेला.
तिच्या बोटात अंगठी, बोटांना पराग.
रंगूबाईनं फोन तिच्या कानाशी धरला,
रंगूबाईला अक्षर येत नाही.
"थांब, एवढी ओळ होऊ दे."
ओळ झाली तोवर ओटीपी मेला.

दुसरा आला.
"वाचू का? चार. शून्य. शून्य. नऊ. दोन.
आन हा... एक हाये का सात?
रंगे, सरळ धर वं जरा."
मागच्या लाइनीत कुणीतरी पान थुंकायला बाहेर गेलं.
भिंतीवर अकराला पाच कमी.
"सात," माय म्हणाली. "सातच हाये.
आता ठेवू का? फुलं मिटतीन."